संदलीखालची सावसन

मित्रांनो, मी एक जुनी संदली आहे. गुडघाभर उंच, चार पायांची, तुतीच्या लाकडाची. आमच्या ताजिक डोंगरांत थंडी पडली की घरातल्या खड्ड्यात निखारे घालतात, त्यावर मला ठेवतात आणि माझ्यावर भली मोठी गोधडी पसरतात. मग सगळं घर गोधडीत पाय घालून माझ्याभोवती बसतं. वर चहा, नान आणि वाळवलेली तुती, खाली ऊब.

मला उस्तो, म्हणजे उस्ताद, नजरी सुताराने घडवलं, हकीमशोच्या लग्नासाठी. हकीमशो गावच्या पाटाचं पाणी वाटायचा. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते तो ठरवी, आणि तरीही गावात त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. त्याची बायको बाळंतपणात गेली. मागे राहिली लेक, सावसन. तिला वाढवायला हकीमशोची थोरली बहीण बीबीसोरो येऊन राहिली. बोलायला तिखट, मनाने लोण्यासारखी.

थंडीत या घरात बैतांचा खेळ रंगे. बैत म्हणजे दोन ओळींची कविता. तुम्ही गाण्यांच्या भेंड्या खेळता ना, तशाच आमच्याकडे बैतांच्या भेंड्या. एकाचा बैत ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराने दुसऱ्याने सुरू करायचं. हरेल त्याने बर्फातून जाऊन सरपण आणायचं.

"आत्या, तू हरलीस! ऊठ, लाकडं आण!"

"हरते कशाला? अगं, वय झालं माझं, बैत जिभेवर यायला वेळ लागतो."

"काल भांडताना नाही लागला तो!" हकीमशो म्हणे, आणि सावसन हसून हसून माझ्यावर डोकं टेकवी. ती तेव्हा सात वर्षांची होती. ती वडिलांना दादा म्हणे.

मग तो हिवाळा आला. लोक एकमेकांना आधी 'कसा आहेस' असं विचारत, ते आता 'तू कुठल्या खोऱ्यातला' असं विचारू लागले. खोऱ्याखोऱ्यांत लढाई पेटली होती. का, ते मला लाकडाला काय कळणार? मला एवढंच कळलं, की माझ्याभोवती बसणारी माणसं हळू बोलू लागली.

एके दिवशी दिवेलागणीला आत्या शेजारी गेली होती. बापलेक खेळत बसले होते. अंगणात गाडी थांबली. हकीमशोने दाराकडे पाहिलं आणि एका हाताने सावसनला गोधडीखाली ढकललं.

"खाली राहा. मी सांगेपर्यंत आवाज काढायचा नाही. कळलं?"

दार लाथेने उघडलं. आमच्याकडे कुणीही पायताण घालून आत येत नाही. त्या दिवशी बूट आत आले, बर्फासकट. गोधडीच्या फटीतून सावसनला तेवढेच दिसले. आवाज चढले, चहाची वाटी फुटली, मग हकीमशोचे मोजे घातलेले पाय त्या बुटांच्या मधून निघून गेले. सावसनचा उजवा पाय निखाऱ्यांना लागला होता. कातडी भाजत होती. पोरीने ओठ दाताखाली धरले, पण हूं की चूं केलं नाही.

बर्फ वितळल्यावर हकीमशो पाटाच्या वरच्या अंगाला सापडला. गावाने त्याला माती दिली.

पण मित्रांनो, 'आता बोल' असं सांगायला दादा आला नव्हता. सावसन बोललीच नाही. ती माझ्याखालून निघायलाही तयार नव्हती. आत्याने भाजलेल्या पायाला लोणी लावलं, ते माझ्याखाली हात घालून. घास भरवले तेही तसेच. अंगणात नुसती पावलं वाजली तरी ती माझा पाय घट्ट धरी. माझ्या चार पायांत तिचं सगळं जग मावलं होतं. मी तिचं छप्पर होते की पिंजरा, माझं मलाच समजेना.

गावातल्या बायका म्हणाल्या, "बीबीसोरो, ती संदली जाळून टाक. पोर आपोआप बाहेर येईल."

आत्याने उस्तो नजरीला बोलावलं. तो करवत घेऊन आला. मीही मनाची तयारी केली. ज्याने जोडलं त्यानेच तोडावं, यापेक्षा बरं मरण लाकडाला कुठलं? त्याने माझ्या पायाला हात घातला, तर त्यावर आधीच दोन इवले हात होते. त्याने ओढलं. हात सुटेनात. म्हातारा खाली वाकला, त्याने आत पाहिलं आणि करवत बाजूला ठेवली.

"चहा टाक, आपा," तो म्हणाला. "संदली मोडली तर ही पोर कुठे राहील?"

चहा आला. मग काय सुचलं कोण जाणे, उस्तोने एक बैत म्हटला. निम्मा विसरला आणि पदरचं काहीतरी जोडून दिलं.

"उस्तो, तुझ्या बैताचा एक पाय आखूड पडला," आत्या म्हणाली.

"मग तू ठोक पाचर!"

हकीमशो गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. आत्या हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. मग तिने बैत म्हटला. पुढचा डाव सावसनचा. दोघं थांबली. खालून काही आलं नाही. तेव्हा तिचा डाव तसाच मोकळा सोडून उस्तोने पुढचा बैत घेतला.

तो रोज येऊ लागला. रोज तिचा डाव यायचा, दोघं थांबायची, चहा गार व्हायचा. 'बोल गं' असं कुणी म्हटलं नाही. उन्हाळा आला, खड्ड्यातली राख गार झाली, तरी गोधडी तशीच राहिली.

एका दुपारी आत्या बैत म्हणत होती आणि मला खालून काहीतरी लागलं. टक, टक्-टक, टक. बोटाचं पेर होतं ते. पोर माझ्या पोटावर बैताचा ठेका धरत होती! मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण उस्तोचा हात माझ्यावर होता. सुताराच्या तळव्याला लाकडाची थरथर कळतेच. त्याने आत्याला डोळ्यांनी खुणावलं आणि पुढचा बैत म्हटला, मुद्दाम संथ.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी सावसनचा डाव आला, आणि खालून आवाज आला. न वापरलेल्या बिजागरीसारखा.

"चार पायांचं घर माझं, गोधडीचं आभाळ,
दारी बूट उभे अजून, सरेना संध्याकाळ."

आत्याच्या हातातली चहादाणी कलंडली. तो डाग अजून माझ्यावर आहे. कुणी वाहवा केली नाही. आत्या गोधडी उचलून आत शिरली, त्या अवघडलेल्या जागेत पोरीला कुशीत घेऊन बसली आणि म्हणाली, "दादाच्या वतीने मी सांगते, बाळा. आता बोल."

तुम्हाला वाटेल, झालं, पोर बरी झाली. तसं नसतं. सावसन बाहेर आली, शाळेत गेली, मोठी झाली, शाळेतच मुलांना शिकवू लागली. पण कुठे दार आपटलं की अजूनही ती माझ्याखाली येते. गुडघे हनुवटीला लावून बसते, कारण आता ती मावत नाही. ती संध्याकाळ तिच्या आत तशीच आहे. फक्त आधी ती संध्याकाळ तिला गिळायची. आता सावसन तिच्यातून दोन ओळी ओढून आणते, मला ठेका देत देत, आणि मग बाहेर येऊन चहा करते.

लढाई संपल्यावर दर शुक्रवारी दुपारी गावातल्या बायका माझ्याभोवती बसू लागल्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं घर जळालेलं. जे बोलता येत नव्हतं, ते त्या बैतात घालत. डाव नको असेल तर नुसतं डोकं हलवायचं.

त्यात एक ओयनिसो म्हातारी होती. तिचा लेक बूट घालणाऱ्यांत सामील झाला होता आणि पुढे त्या लढाईतच मेला. ती कोपऱ्यात बसे, दर वेळी डोकं हलवी आणि निघून जाई. एका शुक्रवारी तिने डोकं हलवलं नाही.

"बूट मीच पुसले होते, लेकाला दिला निरोप,
परत आले बूट रिकामे, डोळ्यांस नाही झोप."

"ऊठ!" आत्या कडाडली. "माझ्या भावाच्या घरात त्या बुटांचं रडगाणं? ऊठ इथून!"

ओयनिसो उठू लागली. कुणी वर पाहीना. सावसनने गोधडी उचलली, आणि एवढी मोठी बाई, शाळेची मास्तरीण, सगळ्यांदेखत माझ्याखाली शिरली. तिचा श्वास मला चटके दिल्यासारखा लागत होता. मग ठेका सुरू झाला. टक, टक्-टक, टक. डाव 'प'चा होता.

"पाय तेवढे पाहिले मी, चेहरा नाही पाहिला,
तुझाच होता की दुसरा, प्रश्न खाली राहिला."

ओयनिसो मटकन खाली बसली. "माझा लेक त्यांत होता का, मलाही नाही माहीत, पोरी," ती म्हणाली. "मी त्याला विचारलं नाही. विचारायची भीती वाटली." तिने गोधडीखाली हात घातला. सावसनने तो हात धरला नाही. पण दूरही लोटला नाही. सुरकुतलेला तो हात बराच वेळ माझ्याखाली तसाच उघडा पडून होता. आत्या तोंड फिरवून बसली, आणि थोड्या वेळाने तिने म्हातारीची वाटी भरली. अर्धीच भरली, पण भरली.

आता घराघरांत विजेच्या शेगड्या आल्या आहेत. उस्तो नजरी देवाघरी गेला. माझ्या बहिणी कधीच चुलीत गेल्या. मी आठवडाभर भिंतीला उभी असते आणि शुक्रवारी आडवी होते. ओयनिसो येते. सावसन तिच्याकडे अजून बघत नाही, पण तिच्यासाठी गादी टाकते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे, जळायचंच. पण तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत असं एखादं मूल असेल, जे हाक मारली तरी बाहेर येत नाही. त्याला ओढू नका. त्याचं छप्पर मोडू नका. जवळ बसा, एखादी कविता म्हणा, आणि त्याचा डाव आला की थांबा. चहा गार झाला तरी चालेल.