खांब क्रमांक सतरा

“पोरी, सरकारकडे आपण मागतो ते मिळत नसतं. सरकारकडे जे पडून असतं ते मिळतं,” अर्जावर सही करता करता गल्लीतली म्हातारी अनारकुल-आपा म्हणाली होती. “एक बल्ब मागतेयस ना? बघच आता.”

कुंदुझने ते हसण्यावारी नेलं. ती शिकलेली. अर्ज कसा लिहावा, प्रत कुणाला जोडावी, कोणत्या शब्दाने साहेब खुर्चीतून हलतो, हे तिला ठाऊक होतं. आणि मागणी तरी केवढी! औषधाच्या दुकानासमोरच्या कोपऱ्यावरचा दिवा दोन वर्षं गेलेला, तिथली फरशी उचकटलेली, आणि कुंदुझला चौथा महिना. तिथेच तिचा पाय मुरगळला होता. तिने घरोघर जाऊन त्रेसष्ट सह्या गोळा केल्या, त्यासाठी फोनवर ‘आमची उजळ गल्ली’ नावाचा गट काढला आणि अर्ज दिला.

झालं असं, की नगरपालिकेकडे कुणा परदेशी संस्थेचा निधी पडून होता आणि तो डिसेंबरच्या आत संपवायचा होता. साहेब सुशोभीकरणासाठी रस्ता शोधतच होते. त्रेसष्ट सह्यांचा रस्ता आयता चालून आला. मेंढ्याच्या शिंगांसारखी नक्षी असलेले चोवीस खांब आले. दगडी कुंड्या आल्या. भिंतीकडे तोंड केलेले सहा बाक आले. औषधाच्या दुकानासमोरचा तो कोपरा मात्र प्रकल्पाच्या हद्दीपासून चार पावलं बाहेर निघाला. तो दिवा अजून बंदच आहे.

नव्या दिव्यांचं कौतुक असं, की ते हुशार होते. उद्‌घाटनाला रिस्बेक कादिरोविच साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “हे दिवे नागरिकाची वाट बघतात. कुणी आलं की उजळतात, कुणी नसलं की विझतात. असं तर आपली पोरंसुद्धा करत नाहीत!” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तळलेल्या बोरसोकच्या परातीकडे सरकले.

“साहेब, आणि मी बाकावर स्वस्थ बसले तर?” अनारकुल-आपाने विचारलं.

“दोन मिनिटांनी विझेल, आपा. अधूनमधून हात हलवत जा.”

तेव्हापासून ती संध्याकाळी बाकावर बसली की दर दोन मिनिटांनी हात वर करी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, आपल्यालाच सलाम करतेय. बरेच जण उलट सलाम करत. “आयुष्यात एवढी माणसं मला कधी ओळखत नव्हती,” ती म्हणायची.

तिचं घर सतराव्या खांबामागे होतं. बसकं, पत्र्याचं, वाकड्या धुराड्याचं. संस्थेला पाठवायच्या फोटोत ते बरं दिसेना, म्हणून त्याच्यापुढे माणसाच्या दुप्पट उंचीचा एक फलक उभा राहिला. त्यावर हिमशिखरं, निळं तळं आणि एक गरुड छापलेला. गल्लीच्या टोकाला खरी शिखरं दिसत होतीच, पण त्यांच्यावर बहुतेक ढग असत. छापील शिखरं बारमाही स्वच्छ. फलकाच्या कडेला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट ठेवली होती. “या वयात डोंगरात राहायला गेले बघ,” ती कुंदुझला म्हणाली.

टेलिफोन केंद्रात तिची पस्तीस वर्षं गेली होती. पण तिच्याकडे फोन नव्हता. मुलगी राजधानीहून, बिश्केकहून, नवा घेऊन आली तर तिने तो परत पाठवला. “पस्तीस वर्षं लोकांना लोकांशी जोडून दिलं. आता ज्याला बोलायचंय त्याने चालत यावं.”

जानेवारीत कुंदुझला मुलगा झाला. पोट फाडून झाला, टाके पडले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाहेर उणे अठरा आणि जिन्याच्या पायऱ्यांवर बर्फाचा मुलामा. नवरा, बाकित, खिंडीपलीकडे मालाचा ट्रक घेऊन गेलेला. आणि वर सासू सोनुन-आपाचे चाळीस दिवस. चाळीस दिवस बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, बाळाला खोलीत एकटं सोडायचं नाही, त्याच्याजवळचा दिवा विझू द्यायचा नाही.

“आपा, हे सगळं जुनं झालं,” कुंदुझ पहिल्या दिवशी म्हणाली होती.

“जुनं झालं तर सोड. मी कुठे बांधून ठेवलंय?” सासू म्हणाली.

कुंदुझने सोडलं नाही. पुस्तकात आधार नाही हे तिला पाठ होतं, पण बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरी आणि दिवा तपासून येई. भीतीला पदवी दाखवून उपयोग नसतो.

मग उरली खिडकी. सकाळी सव्वासातला अजून अंधारच असे. तेव्हा सतरा नंबर पेटे, मग सोळा, मग पंधरा. अनारकुल-आपा पावाच्या भट्टीकडे निघाली. वीस मिनिटांनी पंधरा, सोळा, सतरा. गरम पाव घेऊन परत आली. संध्याकाळी साडेपाचला एकटा सतरा पेटे: शेगडीची राख टाकायला बाहेर आली. हिवाळ्यात त्या कडेला बर्फ साचे, बाकीचे लोक पलीकडच्या कडेने चालत. फलकामुळे आणि अंधारामुळे ती स्वतः दिसत नसे, दिवेच दिसत. कुंदुझ पाजता पाजता तेवढं बघे आणि तिला उगाच बरं वाटे. गल्लीत कुणीतरी वेळ पाळतंय.

सत्ताविसाव्या संध्याकाळी सतरा नंबर पेटला नाही.

अठ्ठाविसाव्या सकाळी तिन्ही काळे.

“आपा, अनारकुल-आपा काल राख टाकायला आली नाही. आज पावालाही गेली नाही.”

सासू कणीक मळत होती. “गेली असेल बिश्केकला. मुलगी आहे.”

“अशी न सांगता?”

“मला का सांगेल ती?” सासूचे हात थांबले नाहीत. “अकरा वर्षं झाली. भरल्या पंगतीत, चाळीस माणसांपुढे, मोठ्या सुनेच्या मानाचं मांस तिने माझ्या धाकट्या जावेच्या ताटात वाढलं. आणि मला बरगडी! वर म्हणते, ‘चष्मा घरी राहिला.’ मेंढीचं पुठ्ठं ओळखायला चष्मा लागतो का गं?”

हा विषय निघाला की कणीक फार चांगली मळली जाई. कुंदुझने नाद सोडला.

तिने फोन घेतला. गटात आता एकशे त्रेचाळीस माणसं होती. लिहायचं काय? ‘अनारकुल-आपा दिसत नाही’? ती माझी कोण? लोक म्हणतील, बाळंतीण घरात बसून शेजारणीची हजेरी घेते. आणि खरंच मुलीकडे गेली असली तर? मग ती कशी हसेल, “जिवंतपणी माझी दवंडी पिटलीस का गं?” कुंदुझने तीनदा लिहून तीनदा पुसलं. शेवटी तिला एक सभ्य वाक्य सुचलं, ज्याने कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

‘नमस्कार. खांब क्रमांक सतरा कालपासून पेटत नाही.’

गल्लीत भूकंप झाला.

“काय सांगता! तीन महिनेसुद्धा झाले नाहीत!”

“निकृष्ट माल. मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“काय म्हटलं होतंस? बोरसोक खात होतास.”

“सतरा गेला म्हणजे अठरा जाणार. सगळी एकच तार असते.”

“कुंदुझ-एजे, तुम्ही जागरूक नागरिक आहात. देव बाळाला आयुष्य देवो.”

अकराव्या मिनिटाला खुद्द रिस्बेक कादिरोविच उगवले. परदेशी पाहुणे पुढच्या आठवड्यात खांब बघायला येणार होते. ‘माणूस रवाना केला आहे,’ असं लिहून त्यांनी हात जोडले. दोन वर्षं बंद असलेल्या दिव्यासाठी जे हलले नव्हते, ते एका दिव्याच्या प्रकृतीसाठी पाऊण तासात हलले.

कुंदुझ बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिली. उजाडलं होतं. नगरपालिकेची पिवळी गाडी आली. मेदेर नावाचा दिवेवाला उतरला, त्याने खांबावरच्या उजेड ओळखणाऱ्या डोळ्याला काळं फडकं बांधून रात्र केली आणि खाली उभा राहून दोन्ही हात हलवले. सतरा नंबर लख्ख पेटला. फडकं सोडून, यंत्र फोनला जोडून त्याने काहीतरी वाचलं, आणि गाडी निघाली. दोनच मिनिटांत गटात चित्रफीत आली: हिमशिखरांपुढे हात हलवणारा मेदेर आणि वर पेटलेला दिवा. एकसष्ट अंगठे पडले. पाठोपाठ कुंदुझला संदेश आला: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपण समाधानी आहात का? तारे द्या.’

चित्रफितीखाली त्याचा नंबर होता. तिने फोन लावला.

“मेदेर-बाइके, दिवा खरंच ठीक आहे?”

“ठणठणीत, एजे! घोड्यासारखा.”

“मग पेटत का नव्हता?”

“कशाला पेटेल? नोंद आहे ना माझ्याकडे, दिवसाचीसुद्धा. काल सकाळी सात पस्तीसला शेवटचं कुणीतरी हललं. त्यानंतर सतराजवळ एक मांजरसुद्धा फिरकलं नाही. साहेब खूश आहेत. सगळ्यात जास्त वीज त्याच खांबाने वाचवली.”

कुंदुझने खिडकीतून फलकाकडे पाहिलं. “त्या फलकामागे घर आहे, बाइके. म्हातारी एकटी राहते. कोळशाची शेगडी आहे. तुम्ही दार वाजवलंत?”

“मागे घर आहे?” तो खरोखरच चकित झाला. “मला वाटलं, मागे नुसती भिंत. मी आता बाजाराच्या टोकाला पोचलोय, एजे, बर्फात गाडी वळायला जागा नाही. तुम्ही तक्रार नोंदवा ना. वेगळी.”

तिने फोन ठेवला. बाळ जागं झालं नव्हतं, तरी तिने त्याच्या नाकाशी बोट धरलं. कोळशाचा धूर. दरवर्षी हिवाळ्यात शहरात दोन-तीन घरं अशी जातात. झोपतात आणि उठत नाहीत. किंवा राख टाकताना पडली असेल, पाय मोडला असेल, हाक मारत असेल. छापील गरुडापलीकडे कुणाला ऐकू जाणार?

आणि आपण कळवलं काय? दिवा.

“आपा,” ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली. तिचा आवाज ऐकून सासूने वर पाहिलं. “काल सकाळपासून तिच्या दारात कुणी हललेलं नाही. यंत्र सांगतंय. बिश्केकला जायला तरी त्याच खांबाखालून जावं लागलं असतं ना? बाळापाशी बसा. मी जाते.”

“टाके उसवून जिन्यात पडशील, म्हणजे दोघींना उचलावं लागेल.” सासूने हाताची कणीक परातीच्या काठाला पुसली, सगळी निघालीच नाही. ती तशीच दारामागचा कोट ओढू लागली. “माझे रबरी बूट कुठेत? आणि लिही त्या तुझ्या फोनमध्ये. मला या गुडघ्यांनी तीन मजले उतरायला अर्धा तास लागेल. जवळ कुणी असेल तर आधी पोचेल. पुढचं दार ती हिवाळ्यात उघडत नाही, त्याला चिंध्या कोंबते. मागच्या दाराने जा म्हणावं. कडी आतून असते, पण फळी हलवली की पडते.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“अकरा वर्षांआधी माहीत होतं,” असं म्हणून सासू बाहेर पडली. जिन्यावरून तिचा एकेक पाय वाजू लागला.

कुंदुझने फोन घेतला. गटात अजून अभिनंदनं चालू होती. या वेळी तिने सभ्य वाक्य शोधलं नाही.

‘दिवा नीट आहे, दिव्याचं विसरा. जे कुणी हे वाचताय, अंगठा देऊ नका, उठा. सतराव्या खांबामागे, डोंगराच्या चित्रामागे अनारकुल-आपाचं घर आहे. काल सकाळपासून ती बाहेर आलेली नाही. तिच्याकडे फोन नाही. फलकाच्या डाव्या कडेला फट आहे, आडवं होऊन आत जा. मागचं दार, फळी हलवली की कडी पडते. आत शिरताच आधी दारं-खिडक्या उघडा, शेगडीचा धूर असेल. तिला मोठ्याने हाक मारा. आणि ती कशी आहे ते मला सांगा.’