पांढऱ्या रुमालातला केरू

मी कालव्याच्या पहारेकऱ्याची, केरू भाग्या आगिवले याची, सेवाफाईल बोलतेय. सांगते ते अक्षर न् अक्षर खरं, माझ्या नाडीची शपथ! म्हणजे एखाददुसरं अक्षर सोडून. अहो, माझ्या पोटात केरूच्या जन्मतारखाच तीन आहेत आणि तिन्हींवर साहेबांची सही आहे.

नाशिकच्या एका कचेरीत केरू कायम झाला, त्या दिवशी मी जन्मले. गडी इगतपुरीकडचा, सही येईना. डाव्या हाताची पाचही बोटं त्यानं माझ्यावर उमटवली. वारसाच्या पानावर ‘पत्नी फुलाबाई’ आणि शेजारी तिचा अंगठा. लग्नाची ना पत्रिका, ना फोटो. त्यांच्या लग्नाचा एकच कागद, तो माझ्यात.

सत्त्याण्णव साली कालव्याचं दार उघडताना केरू वाहून गेला. माझ्यात लाल शाईनं शेवटची नोंद पडली: मयत.

फुलाबाई केरूच्या जागी काम मागायला आली. हेडक्लार्क बाळाजीभाऊसाहेबांनी विचारलं, “तू त्याचीच बायको कशावरून?”

“तुमच्याच फायलीत हाय ना, भाऊसाहेब. दोघांचंबी अंगठं हायेत.”

“शोधतोय. पुढच्या सोमवारी ये.”

शोधतील कसे? खुर्चीची वेताची जाळी फाटलेली, त्यावर मला अंथरून ते माझ्यावरच बसलेले! चार वर्षं दर सोमवारी ती गाडीनं यायची, बाकावर बसायची. मी खालून ओरडायचे. कागदाचा आवाज तो केवढा?

मग वरून हुकूम आला: दप्तर निवडा. महत्त्वाचं लाल रुमालात बांधा, फेकायचं ते पांढऱ्यात. तेव्हा कुठं मी खुर्चीतून सुटले. कारकून संध्याताईंनी मला लाल रुमालावर ठेवलं.

“अहो ताई, मेलेल्या माणसाची फाईल महत्त्वाची कशी?” भाऊसाहेब हसले. “शेवटची नोंद बघा. मयत. विषय संपला.”

“माणूस गेला, भाऊसाहेब. बाई आहे की बाहेर बसलेली.”

“बाईच्या नावाची फाईल आहे का आपल्याकडं? नाही ना? मग बांधा.”

वारसाचं पान उघडून बघायला कितीसा वेळ लागतो? पण कचेरीत फाईल शेवटच्या पानाकडून वाचायची रीत. शेवटची नोंद दिसली की आधीची पानं कोण उलटतो! पांढऱ्या रुमालाची गाठ माझ्या गळ्याशी बसली.

टेम्पो दारात लागला. तेवढ्यात फुलाबाई धावली. “ह्यो त्यांच्या पंजाचा ठसा!” म्हणत तिनं रुमाल फाडला, मला छातीशी धरलं. संध्याताईंनी लाल रुमाल आणला. भाऊसाहेब उठून उभे राहिले.

छान झालं ना?

टेम्पो लागला, इथवर खरं. पुढचं मी रचलं. फुलाबाई तिथंच होती. माझं गाठोडं तिच्या पदराला घासून गेलं. “काय नेताव रं?” तिनं विचारलं. “रद्दी हाय, मावशी. सरका.” आणि ती सरकली.

आता मी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या रद्दीच्या गोदामात आहे. उद्या लगद्याच्या कारखान्याची गाडी येणार. कुणी हे ऐकत असाल तर गाठ सोडा, वारसाचं पान काढा. उद्या सोमवार आहे. ती बाकावर बसलेली असेल.