फोटोतले अण्णा

ज्ञानेशच्या मनगटावरचं घड्याळ पुन्हा थरथरलं आणि त्याला म्हणालं, ‘जरा शांत बसा, खोल श्वास घ्या.’ घड्याळाचं काय जातंय म्हणायला. त्याला थोडंच आज निफाडच्या व्याह्यांसमोर बसून लग्नाचा बस्ता बांधायचा होता.

बस्ता अकराला ठरला होता आणि हा पठ्ठ्या दहालाच मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानात येऊन बसला होता. बसला म्हणजे काय, येरझाऱ्या घालत होता. एकदा आरशासमोर जाऊन टायची गाठ सारखी करायची, एकदा फोन काढून बघायचा, मग दारापर्यंत जाऊन रस्त्यावर व्याह्यांची क्रूझर गाडी दिसते का ते पाहायचं. डिसेंबरची थंडी होती, तरी त्याच्या कॉलरला घाम आला होता.

सातपूरच्या कारखान्यात तो सुटे भाग तपासायच्या कामावर होता. तिथे दिवसभर निळा युनिफॉर्म. पण गेटाबाहेर पडला की हा माणूस साहेब. कोटाच्या बाहीतून शर्टाची कड किती दिसावी, तपकिरी बुटांवर कोणता पट्टा चालतो, पँट बुटावर कुठे टेकावी, यावर तो अनोळखी लोकांशी फोनवर तावातावाने भांडायचा. विलायती मालिका बघताना गोष्ट सोडून तो त्यांच्या कॉलरी बघायचा. ‘नाशिककर साहेब’ नावाचं त्याचं सोशल मीडियावर पान होतं आणि बऱ्यापैकी लोक ते बघत. मखमलाबादच्या मळ्यात मात्र त्याचं कोणाला काही कौतुक नव्हतं. त्याची आई सखुबाई म्हणायची, याला झेंडू तोडायला पाठवला तर आधी शर्टाच्या बाह्या दुमडण्यातच दुपार करील.

मध्यंतरी ती एक टूम निघाली. आपल्या वडिलांचा साधा फोटो ॲपमध्ये टाकायचा, आणि ते यंत्र त्यांना सुटाबुटात उभं करून देतं. सगळं गाव करत होतं, ज्ञानेशने का मागे राहावं? त्याने अण्णांचा, म्हणजे सावळीरामचा, शेवंतीच्या जुड्या बांधतानाचा फोटो टाकला. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, ओठांवर भरघोस मिशी. पलीकडून जो माणूस बाहेर आला तो गडद निळ्या सुटात होता. केस मागे वळवलेले. टोपी नव्हती. मिशीही नव्हती. यंत्राला बहुधा तो फोटोवरचा डाग वाटला असावा.

पानावर बदामांचा पाऊस पडला. ‘काका तर हिरो आहेत’, ‘असे वडील पाहिजेत’. ज्ञानेश दिवसातून कितीदा तो फोटो उघडून बघायचा याला सुमार नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो बाप त्याला आवडला होता. चेहरा साधारण तोच, फक्त कोणाशी ओळख करून देताना घसा खाकरावा लागणार नाही असा. हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नसतं, पण होतं ते असं होतं.

त्याने तो फोटो अण्णांना दाखवला तेव्हा ते ओट्यावर बसून चहा पीत होते.

“हा कोण रे? तुमच्या कंपनीचे मालक का?”

“अण्णा, तुम्हीच आहात.”

अण्णांनी हात शर्टाला पुसले, फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघितलं. “असं व्हय,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं, “ते काल दाखवलं ते दाव बरं परत.” पुन्हा पाहून झालं. मग म्हणाले, “तुला लग्नात मी असा पायजे का?”

“असे दिसलात तर काय बिघडलं?” ज्ञानेश म्हणाला आणि चार्जर शोधायला आत गेला. तो बोलून विसरला. अण्णा विसरले नाहीत.

त्यात घरावर दुसरीच टांगती तलवार होती. सावळीरामचे चुलते भिमाजी, आडगावला, कित्येक महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेले. नव्वदीचा माणूस. ते गेले तर भावकीला सुतक, आणि सुतकात कसलं लग्न? तारीख गेली की निफाडला द्राक्षांचा हंगाम सुरू होणार, मग पुढे कधी ते कोणी सांगावं. म्हणून बस्ता घाईने ठरला होता. आडगावहून फोन आला की सखुबाई आधी देव्हाऱ्याकडे बघायची आणि मग उचलायची.

तर ज्ञानेश दुकानात येरझाऱ्या घालत होता. दुकानाच्या शिलाई मास्तरांकडून त्याने निळं कापड काढून ठेवलं होतं, दोन सुटांचं. एक स्वतःचा, एक अण्णांचा. बाप-लेक सारख्या सुटात मांडवाच्या दाराशी उभे, असा फोटो त्याच्या डोक्यात केव्हाच निघाला होता. प्रश्न एवढाच होता की अण्णांना टोपी काढायला सांगायचं कसं, आणि तेही व्याह्यांसमोर.

सांगावं लागलंच नाही. दार ढकलून अण्णा आत आले. पहाटे फुलं घेऊन बाजारात गेले होते, तिथून परस्पर आले होते. डोक्यावर टोपी नव्हती, पाणी लावून केस मागे वळवले होते. आणि मिशी साफ काढलेली. वरचा ओठ उन्हात कधीच न गेल्यासारखा पांढरा दिसत होता.

“बघ,” ते हळूच म्हणाले. “जमलं का?”

ज्ञानेशला इतका आनंद झाला की विचारता सोय नाही. “एक नंबर, अण्णा,” तो म्हणाला आणि त्याने आधी फोन काढला. अण्णांनी हनुवटी जराशी वर केली. त्यांचा हात दोनदा डोक्याकडे गेला आणि तिथे काही नाही म्हणून परत आला, हे ज्ञानेशला स्क्रीनमध्ये दिसलं, पण तो फोटोसाठी उजेड बघत होता.

तेवढ्यात क्रूझर लागली. निफाडची मंडळी आत आली. पुढे व्याही धोंडीराम, मागे त्यांची बायको सिंधुबाई, नवरी हर्षाली, दोन-चार मावश्या, आणि वाटेत त्यांना भेटलेली सखुबाई. धोंडीरामांनी रामराम करायला हात जोडले आणि ते तसेच राहिले.

“पाव्हणं,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “कोण गेलं?”

माणूस उघड्या डोक्याने, मिशी उतरवून चारचौघांत आला, तर आपल्याकडे दुसरं काय समजायचं? ज्ञानेशला हे ठाऊक नव्हतं थोडंच. लहानपणी आजोबा गेले तेव्हा याच बापाला त्याने असं पाहिलं होतं. पण गेला महिनाभर त्याच्या डोळ्यांसमोर फोनमधला माणूस होता, समोरचा नव्हता.

सखुबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती होती तिथे खाली बसली. “आडगावचे भिमाजीमामंजी गेले ना हो,” म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला. एका मावशीला रडू फुटलं. गादीवरचे दुकानदार उघडलेली पैठणी घडी घालू लागले.

“कोणी गेलं नाय,” अण्णा म्हणाले. “रडू नको. सगळे बरे हायेत.”

“मग मिशी?” धोंडीराम म्हणाले.

“ती... उगाच. काढली आपली.”

“उगाच कोणी मिशी काढतं का, सावळीरामभाऊ?”

अण्णांनी पोराकडे बघितलंसुद्धा नाही, बघितलं असतं तर मिशी कोणापायी काढली ते सगळ्यांना कळलं असतं. ज्ञानेशला ते समजलं.

सिंधुबाईंचा आवाज चढला नाही, पण बोलल्या त्या सगळ्या दुकानाला ऐकू आलं. “ताई, गेलं असंल कोणी तर सांगा. आम्ही माणसंच हाय. पण सुतक लपवून बस्ता बांधायचा, तर आमच्या लेकीच्या संसारात काय पडायचं? लपवालपवीच्या घरात पोर कशी द्यायची?”

“चला,” धोंडीराम म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. हर्षाली ज्ञानेशकडे बघत होती. तिला काहीतरी ऐकायचं होतं आणि ते त्याच्याकडूनच. मनगटावर घड्याळ थरथरलं. त्याने ते काढून खिशात टाकलं.

“मामा, थांबा. सुतक नाही. हे माझ्यामुळे झालंय.” त्याने फोन पुढे केला. “मी हा फोटो बनवला होता. अण्णांनी तो पाहिला. म्हणून त्यांनी मिशी काढली.”

धोंडीरामांनी फोन लांब धरून पाहिलं. “हा कोण?”

“अण्णा.”

“हे?” त्यांनी फोन बायकोकडे दिला. सिंधुबाईंनी एकदा फोटो, एकदा व्याही असं पाहिलं आणि मान हलवली. फोन हर्षालीकडे आला. तिने फोटो मोठा करून डोळ्यांपाशी थांबवला.

“मी तुमच्या पानावर पाहिला होता हा,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमचे कोणी मुंबईचे काका असतील. साखरपुड्याला अण्णा माझ्याकडे बघून हसले होते ना, तसं काहीच नाहीये यांच्या डोळ्यांत.”

ज्ञानेशला लाज वाटली. लाज म्हणतात ती अशी भर दुकानात, टाय घालून उभं असताना वाटावी, हे त्याच्या कोणत्याच नियमात बसत नव्हतं.

धोंडीरामांची खात्री अजून पटली नव्हती. तेव्हा त्याने आडगावला व्हिडिओ कॉल लावला. नातसुनेने फोन अंथरुणापाशी नेला. भिमाजी उशीला टेकून होते, डोक्यावर टोपी जशीच्या तशी.

“आजोबा, बरे आहात ना?”

“हाय अजून,” भिमाजी म्हणाले. “बस्ता झाला का? सावळ्या कुठंय?”

ज्ञानेशने फोन अण्णांकडे वळवला. म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला. मग त्याचा आवाज कापरा झाला. “सावळ्या, कोण गेलं रे?”

आधी सिंधुबाई हसल्या. मग सखुबाई, डोळे पुसता पुसता. मावशीला तर ठसकाच लागला. “कोणी नाय, आप्पा,” अण्णा ओरडून सांगत होते, “मिशीच गेली नुसती.”

देवाचं वस्त्र आधी घ्यायची रीत, ते घेऊन झालं. मग साड्या काढायच्या आत धोंडीरामांनी दुकानदाराला एक पांढरी टोपी काढायला लावली आणि स्वतःच्या हाताने व्याह्यांच्या डोक्यावर ठेवली. अण्णांनी ती दोन बोटांनी नेहमीसारखी जरा डावीकडे सरकवली. मग कुठे त्यांचे खांदे खाली आले.

साड्यांचा गलका सुरू झाला. मास्तर टेप गळ्यात टाकून निळं कापड घेऊन आले. ज्ञानेशने त्यांना बाजूला घेतलं. “मास्तर, अण्णांचं राहू द्या. त्यांना सफेद शर्ट-पायजम्याचंच कापड काढा.”

अण्णांनी ते ऐकलं. ते उठून आले, कापड बोटांत चोळून पाहिलं, आणि मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले.

“घ्या माप,” ते म्हणाले. “मिशी काय लग्नापर्यंत यायची नाय. आता कोट तरी होऊ द्या. वाया नको जायला.”

त्यांनी दोन्ही हात पसरले. ज्ञानेशने मास्तरांच्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि बापाच्या खांद्याला लावला. त्याला आकडा काही केल्या वाचता येईना.