आपोआप

तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं आणि कान असा तयार, की गाडी आत येतानाच तो गिऱ्हाइकाला झापायचा, "आवाज बिघडला तेव्हाच का नाही आणलीत? आपोआप नीट होतं होय?" घरी मात्र हा कान सुट्टीवर. अडीच वर्षांची लेक एक शब्द बोलत नव्हती, तरी साहेबांचं आपलं एकच, "बोलेल गं आपोआप. मीही उशिराच बोललो."

शेवटी ती लेकीला कडेवर घेऊन गॅरेजात गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर म्हणाली, "अहो मेकॅनिक, डॉक्टरांकडे हिला आज न्यायचं, की आपोआप बोलेल?"

नुकतीच बोलणी खाल्लेलं गिऱ्हाईक मागून म्हणालं, "तेव्हाच का नाही नेलीत हो?"

उशिरा बोलणारे साहेब तेव्हाही काही बोलले नाहीत. हात पुसून स्वतःच्या गाडीची किल्ली शोधू लागले.