कानावर लावलेलं कारबोरेटर

चंपतराव गावंडे कानाचा सोडून बाकी कुठल्याही डॉक्टरकडे जायला एका पायावर तयार असत. गुडघे दाखवून झाले, डोळे दाखवून झाले, एकदा तर काही होत नसताना छातीसुद्धा तपासून आले. पण कानाचा विषय काढला की त्यांचं डोकं फिरायचं. त्याला कारणही होतं. खापरखेड्याला वीजकेंद्रात फिटर असताना ते चालत्या मशीनला लांब पेचकस टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि आत कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचे. अख्ख्या प्लांटात त्यांना ‘कानवाले चंपतराव’ म्हणत. आता अशा माणसानं कानात मशीन घालून फिरायचं म्हणजे काय!

ऐकू येत नाही, ही गोष्ट मात्र चंपतराव सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक होती. संध्याकाळच्या बातम्या ते आपल्या घरात लावत आणि शेजारचे गोपाळराव त्यांच्या घरात बसून ऐकत. गोपाळरावांनी त्या पायी स्वतःचा टीव्ही लावणंच सोडलं होतं.

गल्ली हसायची; हसू येत नव्हतं ते एकट्या त्यांच्या बायकोला, गोपिकाबाईंना. भाजी काय करू, दूधवाला आला नाही, हे ओरडून विचारता येतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माणूस जे चार शब्द बोलतो ते कसे ओरडायचे? ओरडून सांगण्यासारखं नवरा-बायकोत असतं तरी किती? हळूहळू बाईंनी सांगणंच सोडलं, आणि तेही चंपतरावांच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी पुण्याच्या लेकीनं, अपेक्षानं, नागपूरच्याच धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरकडे परस्पर नंबर लावला. सोमवारचा. रविवारी सकाळी गोपिकाबाईंनी ही बातमी नवऱ्याच्या कानाशी जाऊन सांगितली, तेव्हा चंपतराव व्हरांड्यात आपल्या जुन्या मोटरसायकलपुढे बसले होते. प्रत्येक सिग्नलला बंद पडायची सवय तिला लागली होती.

“मी काही बहिरा नाही हाय!” चंपतराव कडाडले. “आता हे कारबोरेटर खोलतो, साफ करतो, अन् नुसत्या कानावर ट्यून करतो. गाडी जागच्या जागी चालली, तर धंतोलीचं नाव या घरात काढायचं नाही. बोल, हाय का कबूल?”

“अन् बंद पडली तं?” गोपिकाबाईंनी ओरडून विचारलं.

“तं तू म्हणशीन तिथं येतो.”

हे भिंतीपलीकडे ऐकू गेलंच. गोपाळराव स्वतःची खुर्ची घेऊन पंच म्हणून हजर झाले.

हात मात्र अजून फिटरचे होते, हे मान्यच करावं लागेल. पेट्रोलचा कॉक बंद करून चंपतरावांनी कारबोरेटर उतरवलं, गोपिकाबाईंच्या चांगल्यातल्या स्टीलच्या ताटात ते उघडलं आणि एकेक पार्ट जेवायला वाढावा तसा ओळीनं मांडला. तळाला काळा गाळ साचला होता. पेट्रोल ज्यातून थेंबाथेंबानं येतं तो पितळी जेट त्यांनी उजेडात धरला. भोक पार बुजलेलं.

“सुई घालून काहाडा ना,” गोपाळराव मोठ्यानं म्हणाले.

“हॅट! सुईनं भोक मोठं होते गा. मंग गाडी पेट्रोल पेते नुसती.” चंपतरावांनी वायरमधली तांब्याची एक बारीक तार ओढली, जेटमधून हलकेच फिरवली, फुंकर मारली आणि पेट्रोलच्या चवीनं तोंड वाकडं केलं. सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं. किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि धुराचा एक लोट थेट पंचांच्या अंगावर गेला.

आता खरं काम होतं. हवा किती जाऊ द्यायची तो एक स्क्रू, आणि इंजिन किती हळू चालवायचं तो दुसरा. दोन्ही थोडे थोडे फिरवत इंजिनचा सूर लावायचा. तोवर ऊन व्हरांड्यात शिरलं होतं. पंचांची बनियन भिजलेली पाहून, दारातून तरी गार हवा येईल म्हणून गोपिकाबाईंनी खिडकीतला कूलर लावला. त्या लोखंडी धुडाचं स्टँड व्हरांड्यातच होतं आणि गाडीचं हँडल त्याला टेकलेलं. हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

चंपतरावांनी लांब पेचकस इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दुसऱ्या हातातल्या छोट्या पेचकसानं हवेचा स्क्रू पिळला. इंजिन जरा चढलं. अजून पिळला. इंजिन अडखळलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

चंपतराव डोळे मिटून पिळतच होते.

“ऐका,” ते म्हणाले. “आता कशी मऊ झाली.”

गोपाळरावांनी आ वासला. गोपिकाबाईंनी तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. कूलर घरघरत होता, स्टँड थरथरत होतं, हँडल थरथरत होतं, आणि ती थरथर इंजिनातून, पेचकसातून कानवाल्या चंपतरावांच्या हाडापर्यंत इमानेइतबारे पोचत होती.

“जराशी कमी करतो,” ते म्हणाले आणि दुसरा स्क्रू फिरवला. “वा! पाह्यलं का? एका लायनीत चालून राह्यली! असं इंजिन अख्ख्या नागपुरात दाखवा मले. काहून गोपाळराव, चुप काहून झाले?”

गोपाळराव हसू दाबता दाबता खुर्चीत दुमडून गेले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

गोपिकाबाई आत गेल्या आणि त्यांनी कूलर बंद केला.

चंपतरावांचे डोळे खाडकन उघडले. “हात् तिच्या! बंद पडली! अर्धा पीळ जास्त झाला वाटते.”

“गाडी मघाच बंद पडली जी,” बाहेर येऊन त्यांच्या समोर उभ्या राहत गोपिकाबाई मोठ्यानं म्हणाल्या. “आता मी कूलर बंद केला.”

चंपतरावांनी गाडीकडे पाहिलं. टेकलेल्या हँडलकडे पाहिलं. मग कूलरकडे. गोपाळरावांचं हसणं एव्हाना गल्लीच्या टोकाला पोचलं असेल.

“म्हंजे मी कूलर ट्यून केला?”

“अन् लय चांगला केला गा!” गोपाळराव ओरडले.

चंपतरावांना हसता आलं नाही. पेचकस मांडीवर ठेवून ते तसेच बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता, आणि ते पाहून जिंकलेल्या गोपिकाबाईंनाच भरून आलं. त्या त्यांच्याजवळ पायरीवर बसल्या आणि काहीतरी बोलल्या.

“काय?” चंपतरावांनी विचारलं.

त्या पुन्हा बोलल्या, जरा मोठ्यानं.

“काय म्हटलं वं?”

छातीत होता नव्हता तेवढा दम एकवटून गोपिकाबाई साऱ्या गल्लीनं खिडकीत यावं अशा आवाजात ओरडल्या, “मले तुमच्यासंग हळू बोलायचं हाय!”

गोपाळरावांचं हसणं जागीच थांबलं. ते आपल्या चपलांकडे पाहू लागले, आणि मग खुर्ची उचलून घरी गेले.

चंपतरावांनी मांडीवरचा पेचकस खाली ठेवला. मग त्यांनी फडक्यानं हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि घसा खाकरला.

“उद्या लवकर निघू,” ते म्हणाले. “धंतोलीत लय गर्दी होते.”