दोनशे एकातला एक

"पुसलं म्हणजे नक्की काय पुसलं, मावशी?"

"डाग, बाई! पाठीवर काळा डाग होता, हा एवढा. काहीतरी गिचमीड. कोरड्या फडक्यानं जाईना, मग स्पिरिट लावलं. असा निघाला म्हणून सांगू!" मावशींनी चुटकी वाजवली आणि शाबासकीची वाट बघत उभ्या राहिल्या.

तारीखबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सव्वानऊ वाजले होते. अकराला ग्राहक कंपनीचे तपासनीस येणार होते, आणि मावशींनी जो डाग काढला होता तो त्या तपासनिसांची सही होती.

"आणि पुसल्यावर तो खण कुठे ठेवलात?"

"कुठे म्हणजे? चांगल्या मालात! एवढा स्वच्छ केलेला काय भंगारात टाकू?"

मावशींनी हात केला तिकडे पॅकिंगच्या लांब टेबलांवर काळ्या प्लॅस्टिकचे खण रांगेनं मांडले होते. मोटारीत पुढच्या सीटसमोर गाडीची कागदपत्रं ठेवायला झाकणाचा खण असतो, तो हा कारखाना बनवत होता. काल चाचणीसाठी बनवलेले दोनशे, आणि त्यांत मिसळलेला तो एक. सगळे एका साच्यातले, एका रंगाचे, जुळ्या भावंडांसारखे. मंजुरी मिळेपर्यंत साच्यात तारखेचा शिक्काही बसवायचा नसतो, त्यामुळे ती खूणही नव्हती.

तारीखबाई या कारखान्यात प्रोजेक्ट मॅनेजर होत्या. नाव भारदस्त, पण काम असं की हाताखाली एक माणूस नाही आणि डोक्यावर सगळ्यांची कामं. साचा टूलरूमचा, माल स्टोअरचा, माणसं उत्पादनाची, यांनी फक्त प्रत्येकाच्या दारात उभं राहून विचारायचं, "तारीख सांगा." सहा महिने त्या हेच विचारत होत्या, म्हणून नाव पडलं तारीखबाई. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला होता. मग एक दिवस त्यांनी स्वतःच फोन उचलून "हं, तारीखबाई बोलतेय" म्हटलं आणि पलीकडच्या स्टोअरकीपरची बोबडी वळली.

त्याआधी अठरा वर्षं त्या तपासणी विभागात होत्या. हा त्यांचा पहिला प्रोजेक्ट, आणि पहिलाच असा अवघड निघाला की विचारू नका. खणाची लांबी, रुंदी, जाडी सगळ्याला आकडे होते. फक्त झाकण लावताना होणाऱ्या आवाजाला आकडा नव्हता. ग्राहकाच्या कागदावर लिहिलं होतं, 'आवाज मास्टरप्रमाणे.' मास्टर म्हणजे नमुन्याचा खण. टूलरूमच्या मिस्त्रींनी चार दिवस खपून, खटका घासून, स्प्रिंग बदलून, आतली रबराची गादी केसाकेसानं कापून तो जुळवला होता. तपासनिसांनी डोळे मिटून त्याचं झाकण वीसदा लावलं, खुशीत मान डोलावली आणि पाठीवर सही ठोकली. त्या दिवसापासून कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणू लागले, अर्थात त्यांच्या माघारी.

त्यानंतर सहा महिने तारीखबाईंना घरीदारी दुसरं काही ऐकूच येईना. फ्रिजचं दार, कपाटाचा खण, चष्म्याची डबी. जे दिसेल ते त्या उघडायच्या, मिटायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, ते दार आहे, गाणं नाही." सासरे तर त्याच्याही वरताण. एकदा सकाळी त्यांनी आपलं औषधांचं कपाट मिटलं आणि हॉलमधून हाक मारली, "सूनबाई, हे पास का नापास?" "नापास, बाबा! बिजागरी सैल आहे," त्या स्वयंपाकघरातूनच ओरडल्या. सासऱ्यांनी त्याच दिवशी बिजागरी बदलून घेतली.

आणि आता मास्टरच हरवला होता. मावशींवर चिडायची सोय नव्हती, कारण काल संध्याकाळी तो कुलपाच्या कपाटातून काढून, फोन आला म्हणून, मावशींच्या टेबलावर "जरा" ठेवला होता तो तारीखबाईंनीच. मावशींच्या टेबलावर ठेवलेली वस्तू पुसली जाते, हे कारखान्यातलं लहान मूलही सांगेल, असं म्हणायला कारखान्यात लहान मूल नव्हतं, पण बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुमची चूक नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "माझी आहे. मिस्त्रींना बोलवा."

मिस्त्री आले ते हसतच आले. साठीला टेकलेले, कानाच्या मागे पेन्सिल. "ताई, एवढ्यासाठी तोंडचं पाणी पळालं होय तुमच्या? माझ्या हातचा खण मला ओळखू येणार नाही? बाजूला व्हा."

त्यांनी पहिलं झाकण लावलं. टक्. दुसरं. टक्. हे दोनशे खण जोडणाऱ्या लाइनवरच्या सात जणीही हातातलं टाकून भोवती जमल्या. सतराव्या खणाशी मिस्त्री थांबले, परत एकदा झाकण लावलं आणि म्हणाले, "हा घ्या. हाच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? आवाजात माझा हात आहे!"

सात जणींतली सर्वांत धाकटी जरा आगाऊ होती. तिनं तो खण उचलला, मिस्त्रींना पाठ करून उभं राहायला लावलं, तो आणि दुसरे चार असे पाच खण फिरवून मांडले आणि एकेक वाजवला. "आता सांगा."

मिस्त्रींनी तिसरा सांगितला. त्यांचा सतरावा पाचवा होता. सगळ्या जणी खो खो हसल्या. मिस्त्री लालबुंद झाले, पुन्हा वाजवून बघू म्हणाले, आणि दुसऱ्या खेपेला पहिला सांगितला.

मग मात्र कुणालाच राहवेना. प्रत्येकीनं आपापला कान लावून बघितला. एकीनं गादी चाचपली, एकीनं झाकण अगदी हळू लावलं, एकीनं आपटलं. मावशींनी तर खण वास घेऊन बघितला, स्पिरिटचा वास राहिला असेल म्हणून. पण त्यानंतर तेच फडकं त्यांनी सगळ्याच खणांवर फिरवलं होतं. दहा वाजले, सव्वादहा झाले. सगळ्या हॉलभर टक् टक् चाललं होतं.

"सापडत नाहीये, ताई," मिस्त्री अखेर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "चार दिवस घातले होते मी त्यात. आणि सापडत नाही."

 तारीखबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मिस्त्री, सापडत नाहीये!"

"तेच म्हणतोय मी."

"अहो, सापडत नाहीये! तुम्हाला सापडत नाहीये!" त्यांनी मिस्त्रींचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. ताईंना धक्का बसला असावा असं समजून मावशी पाणी आणायला धावल्या.

पाण्याच्या आधी मोठे साहेब आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि उपायही त्यांनी शोधून आणला होता. तारीखबाईंना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "एवढं काय त्यात? कुठलाही एक खण घ्या. त्यांची सही म्हणजे दोन रेघा आणि एक टिंब. जुन्या कागदावर बघून करता येईल."

उपाय सोपा होता. तारीखबाईंनी अर्धा मिनिट त्याचा विचार केला, खोटं कशाला बोला. आज मंजुरी मिळाली नाही, तर तपासनिसांची पुढची तारीख दीड महिन्यानं. नवी गाडी तोवर थांबणार नव्हती, हे काम दुसऱ्या कारखान्याकडे जाणार होतं. मग ही लाइन उचलली जाणार, आणि या सात जणींना पुन्हा कुठल्या तरी विभागात सुटं सुटं वाटून टाकणार. आणि आपण पुन्हा तपासणीच्या टेबलावर, 'बाईंना एक संधी देऊन बघितली' या शेऱ्यासकट.

"नाही जमणार, सर," त्या म्हणाल्या. "एका खणावर खोटी सही करायची आणि दोनशे खणांबद्दल खरं बोलायचं, अशी सरमिसळ मला येत नाही. मी त्यांना सांगते काय झालं ते."

"आणि ते परत गेले तर?"

"तर माझं नाव सांगा."

साहेबांनी हात झटकले आणि खुर्चीत बसून राहिले. अकराला पाच कमी असताना कानसेन आले. बारीक अंगाचे, चेहऱ्यावर कधी कुठली रेघ न हलणारे गृहस्थ. तारीखबाईंनी त्यांना बसूही न देता सगळं सांगून टाकलं, फोनपासून स्पिरिटपर्यंत. फक्त पुसणाऱ्या बाईंचं कौतुक तेवढं जास्त केलं.

"मास्टरशिवाय चाचणी होत नाही," कानसेन म्हणाले. "नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण मास्टर आहे, साहेब. या खोलीतच आहे. दोनशे एकांत एक." त्यांनी टेबलांकडे हात केला. "तुम्ही तो निवडलात, तुमच्या कानाला तो माहीत आहे. तुम्ही शोधून काढा. सापडला, तर आमचे दोनशे त्याच्यासारखे नाहीत. आम्ही नापास, आणि मी स्वतः तसं लिहून देते. नाही सापडला, तर तुम्हीच ठरवा."

मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. लाइनवरच्या सात जणी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. सहा महिन्यांचं काम बाईंनी असं एका माणसाच्या कानावर टांगून ठेवलं होतं.

 कानसेनांनी कोट काढून खुर्चीला लावला. "पंखे बंद करा," ते म्हणाले. "आणि त्या खिडक्याही."

पाऊण तास हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. कानसेन एकेका खणाशी वाकत होते, झाकण लावत होते, पुढे जात होते. मध्येच एखादा बाजूला काढायचे. तसा एकेक खण बाजूला गेला की तारीखबाई तो मनात मोजायच्या. शेवटी पाच खण वेगळे निघाले. कानसेनांनी ते पुन्हा वाजवले, मान हलवली, रांगेत आपापल्या जागी परत ठेवायला लावले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला चार निघाले. त्यांच्या कागदावर पहिल्या पाचांच्या जागा टिपलेल्या होत्या. त्यांत या चारांपैकी एकही नव्हता.

"छे!" कानसेन म्हणाले. त्यांच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकला नव्हता. "फसवताय मला तुम्ही. सगळे तेच आहेत हे."

"तेच आहेत!" धाकटीच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली.

कानसेनांनी खिशातून पेन काढलं. चाचणीच्या फॉर्मवर 'मास्टर व उत्पादन यांतील फरक' असा रकाना होता. एरवी तो काठोकाठ भरायचा, तारीखबाईंनी अठरा वर्षांत असे शेकडो रकाने स्वतः भरले होते. कानसेनांनी त्यात एकच शब्द लिहिला, 'नाही', आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्या एका शब्दाकडे बघताना तारीखबाईंचे डोळे भरून आले. इतका आनंद त्यांना मॅनेजरचं पत्र हातात पडलं त्या दिवशीही झाला नव्हता. पुसायला त्यांच्याजवळ रुमाल नव्हता. मावशींनी फडकं पुढे केलं, त्याला स्पिरिटचा वास होता, आणि मग त्या रडता रडता हसत सुटल्या. मोठे साहेब उठून प्रत्येकाशी हात मिळवत फिरू लागले, कल्पना आपलीच असावी अशा थाटात.

मिस्त्री मात्र टेबलाच्या टोकाशी एकटेच उभे होते. समोरच्या एका खणाचं झाकण ते उगाच उघडमीट करत होते.

"काय झालं, मिस्त्री?" तारीखबाईंनी जवळ जाऊन विचारलं.

"काही नाही, ताई. चार दिवस लागले होते मला एकाला." त्यांनी सात जणींकडे हनुवटी केली. "या पोरी पन्नास सेकंदांत करतात. आता माझा कुठला, ते मलाही कधी कळायचं नाही."

"शिकवलं कुणी त्यांना?"

मिस्त्री हसले. डोळे मात्र खणावरच होते. "शिकवलं मीच. पण एवढं?"

कानसेन मार्कर घेऊन आले. नवा मास्टर नेमायचा होता. "तुम्ही निवडा," ते मिस्त्रींना म्हणाले. "मागचाही तुमचाच होता."

मिस्त्रींनी निवडायला वेळ लावला नाही. हाताशी होता तोच खण उचलून त्यांनी पालथा करून दिला. कानसेनांनी सही केली, दोन रेघा आणि एक टिंब. मग खालच्या कोपऱ्यात 'बनवणारा' अशी जागा असते तिथे मिस्त्रींनी नाव घालावं म्हणून मार्कर त्यांच्याकडे दिला. मिस्त्रींनी तो हातात घेतला, टोपण काढलं, आणि मागे वळून धाकटीच्या हातात दिला.

"लिहा," ते म्हणाले. "सगळ्यांनी. बारीक अक्षरात, जागा कमी आहे."

कानसेन काहीतरी बोलणार होते. मग ते खिडकी उघडायला निघून गेले आणि तिथेच बाहेर बघत राहिले.

सात नावं त्या बोटभर जागेत बसवायला दहा मिनिटं लागली. शेवटचीला तर कडेनं उभं लिहावं लागलं. मिस्त्री खण दोन्ही हातांनी धरून होते, जरासुद्धा हलू न देता. शाई ओली होती, आणि ती वाळेपर्यंत सातही जणी डोकी जुळवून, गाल फुगवून तिच्यावर फुंकर घालत होत्या.