लाल रेघेचा हट्ट

रोशनीचं प्रोबेशन शुक्रवारी संपणार होतं, आणि सोमवारी तिला कळलं की आपल्याला काहीच कळत नाही.

तसं काम बरं चाललं होतं. नोएडाच्या सेक्टर बासष्टमधली तिची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि रोशनीच्या वाट्याला आली होती बाटल्यांवरची लेबलं. तिने एक फंक्शन लिहिलं. त्याला सांगितलं, तुला नमुन्यांची लिस्ट मिळेल, एकेकाचं लेबल छाप. मग त्याच्या हाती दिली रक्ताच्या नमुन्यांची लिस्ट. कोड तपासणाऱ्या कंपायलरने लगेच लाल रेघ मारली. ही लिस्ट चालायची नाही म्हणे.

आता रक्ताचा नमुना हा नमुना नाही तर काय बुंदीचा लाडू आहे? लिस्टपुढे त्रिकोणी कंसात लिहावं लागतं, आत कुठल्या प्रकारची वस्तू ठेवणार ते. जेनेरिक्स म्हणतात त्याला. रोशनीने तो कंसच पुसून टाकला. लाल रेघ गेली, तिच्या जागी पिवळी आली, म्हणजे नुसती ताकीद. पिवळीला कोण विचारतो? लेबलं धडाधड छापली गेली.

पिवळीला विचारणाऱ्या निघाल्या तिच्या टीम लीड, ढींगरा मॅडम. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, "ठीक कैसे करना है, वो तो नेट पे मिल जाएगा. वो मुझे नहीं चाहिए. फ्राइडे को बस इतना बताओ कि उसने मना क्यों किया." नोकरी पक्की झाल्याच्या पत्रावर सही त्यानंतर. आधीच्या बॅचमधल्या दोघांना मॅडमनी असंच 'क्यों' विचारून घरी बसवलं होतं, हे साऱ्या मजल्याला ठाऊक होतं.

मग सुरू झाली रोशनीची फरफट. व्हिडिओ पाहिले, त्यात कोणी प्राणी आणले, कोणी फळं. उपाय पहिल्याच मिनिटाला सापडला. कंसात एक प्रश्नचिन्ह टाकून दोन शब्द लिहायचे की मशीन गप्प. पण का गप्प, ते पालथ्या घड्यावर पाणी. शेजारच्या खुर्चीतली अक्षया म्हणाली, यार, रट ले. रोशनीने रटलंही, आणि बाथरूमपर्यंत जाऊन येईतो विसरली.

बुधवारी दिल्लीत घराजवळच्या सरोजिनी नगर मेट्रो स्टेशनच्या तपासणीला ती बायकांच्या रांगेत उभी होती. डोक्यात तेच. प्रत्येक बाई प्रवासी, मग बायकांची रांग ही प्रवाशांची रांग नाही का? आहेच की. तेवढ्यात घाईतला एक गृहस्थ त्याच रांगेत घुसला आणि शिपाईबाईंनी त्याला दरडावून बाहेर काढलं. डोळ्यांसमोर उत्तर येऊन गेलं, पण रोशनी आपली कोड्यात. त्या नादात मयूर विहारला गाडी बदलायची राहिली आणि ऑफिसला पोचायला अर्धा तास उशीर झाला.

गुरुवारी संध्याकाळी क्वार्टरमध्ये कौसल्याबाईंनी लेकीपुढे गरम पोळी ठेवली, ती तशीच थंड झाली. वडील राजाराम समोर जेवत होते. एका मंत्रालयाच्या डाक विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्यांनी काय झालं विचारलं. रोशनी म्हणाली, बाबा, तुम्हाला नाही कळणार. बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं.

राजाराम हसले. न कळणाऱ्या कागदांवर शिक्के मारतच आपण पोरांना शिकवलं, तेव्हा सांग, म्हणाले.

तिने सांगितलं. नमुना, रक्ताचा नमुना, लिस्ट, लाल रेघ. शेवटी आवाज चढला. "प्रत्येक रक्ताचा नमुना नमुनाच असतो ना, बाबा? मग रक्ताच्या नमुन्यांची लिस्ट ही नमुन्यांची लिस्ट का नाही?"

राजारामांचा घास हातातच राहिला.

"नाहीच ती," ते म्हणाले. "तुझं मशीन बरोबर आहे."

मग त्यांनी जे सांगितलं, ते कौसल्याबाईंनीही कधी ऐकलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलावर दोन ट्रे असत, एक साध्या डाकेचा, एक गोपनीय. एका दिवशी साधा ट्रे भरून वाहत होता आणि हातात एक अर्ज उरला होता. राजारामांनी विचार केला, गोपनीय पत्र हेही पत्रच, म्हणजे तो ट्रेही पत्रांचाच ट्रे. टाकला अर्ज त्यात. पण गोपनीय ट्रे कोणी चाळत नसे. नावावर विश्वास ठेवून तो थेट साहेबांच्या लोखंडी कपाटात जाई आणि कुलूप लागे. अर्ज होता एका विधवेचा, नवऱ्याच्या जागी नोकरी मिळावी म्हणून. अकरा महिन्यांनी कपाट आवरताना तो राजारामांच्याच हाताला लागला.

"साधं पत्र टाकता येईल तो पत्रांचा ट्रे," ते म्हणाले. "गोपनीय ट्रेत ते टाकता येत नाही. मग तो पत्रांचा ट्रे कसा?"

रोशनी हट्टाला पेटली. पण मी आत काही टाकतच नव्हते, नुसती लेबलं छापत होते, म्हणाली. राजारामांनी विचारलं, मशीनला तसं सांगितलं होतंस का? नव्हतं सांगितलं. त्या प्रकारानंतर राजारामांनी गोपनीय ट्रे दुसऱ्याच्या हाती देताना त्यावर चिठ्ठी लावायला सुरुवात केली होती, 'केवल निकासी'. मोजायला, नोंदवायला कोणीही यावं, एकेक काढून बघावं, आत टाकायचं मात्र काही नाही. मग कोणीही तो ट्रे मागितला तरी भीती नव्हती.

रोशनी ताटावरून उठली ती थेट लॅपटॉपपाशी गेली. ते प्रश्नचिन्ह आणि ते दोन शब्द म्हणजे बाबांची चिठ्ठी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तरी खात्री वाटेना. झोपेपर्यंत ती ट्रेच्या जागी लिस्ट आणि लिस्टच्या जागी ट्रे ठेवून बघत राहिली, आणि दर चौथ्या वेळी पुन्हा गोंधळली.

शुक्रवारी मॅडमपुढे ती लिस्टवरून सुरू झाली, अडखळली आणि सरळ ट्रेवर, त्यात अडकलेल्या अर्जावर आली. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "वो अर्ज़ी डाली किसने थी?"

कोणी तरी, म्हणता आलं असतं.

"मेरे पापा ने," ती म्हणाली.

मॅडमनी पत्र पुढे ओढलं आणि सही केली.

घरी कौसल्याबाईंनी खीर केली होती. रोशनीने वडिलांना सगळं सांगितलं, अर्ज कोणी टाकला हे मॅडमना सांगितलं तेही. तिला वाटलं, आता दुखावतील. ते वाटीत चमचा फिरवत बसले.

"ती बाई कुठे असते आता?" रोशनीने विचारलं.

"शालिनीजी? माझ्या समोरच्या टेबलावर. एकोणीस वर्षं झाली. अजून सगळ्यांना सांगते, राजारामजींनी माझा अर्ज शोधून काढला."

कौसल्याबाई गॅसपाशी उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. त्या शालिनीजींच्या हातचे कितीतरी दिवाळीचे डबे या घराने खाल्ले होते.

मग राजारामांनी मशीनचं विचारलं. ते लाल रेघ कधी मारतं, चुकीची वस्तू आत पडल्यावर?

"नाही बाबा. पडायच्या आधीच."

"आधीच?"

"आधीच. म्हणून तर मी चार दिवस त्याला शिव्या घालत होते."

राजारामांनी मान हलवली. वाटी बाजूला सरकवली. तो अर्ज त्या ट्रेत मीच टाकला होता, हे सोमवारी शालिनीजींना सांगून टाकतो, म्हणाले, आणि हात धुवायला उठले.